ताजी हवा कुणाच्या खात्यात?

एसीच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, क्लायंटला बजेट कमी करायचं असलं की पहिली कात्री कशाला लागते? फ्रेश एअरला. ठाण्यात जूनमध्ये बाहेरची हवा आत घ्यायची म्हणजे ती नुसती गार करून भागत नाही, तिच्यातलं पाणीही काढावं लागतं, मग टनेज (एसीची गार करायची क्षमता) वाढतं, बिल वाढतं आणि एवढं करून क्लायंटला दाखवायला काय, तर काहीच नाही. ऐरोली-घणसोलीच्या मोठ्या ऑफिसांत निदान ड्रॉइंगमध्ये तरी फ्रेश एअरचा डॅम्पर, म्हणजे हवा आत घ्यायची झडप, असतो (नंतर तो कोण बंद करून ठेवतं हा वेगळा विषय), पण इकडे नौपाडा, पाचपाखाडीत क्लासेस, क्लिनिक, छोटी ऑफिसं, सगळीकडे दोन स्प्लिट टांगले की काम झालं. आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही हो. भिंतीतून येतात ते फक्त गॅसचे पाइप. खोली तीच, हवा तीच, गोल गोल फिरतेय.

हे सांगितलं की चांगले शिकलेसवरलेले लोकही माझ्याकडे बघत राहतात.

मध्यंतरी मुलीच्या क्लासमध्ये पालकांची मीटिंग होती. टू बीएचकेच्या हॉलमध्ये बाकं टाकलेली, स्लायडिंग काचा घट्ट बंद, वर जाड पडदे, रस्त्याचा आवाज येतो म्हणून फटींना टेप. सीओटू मीटर, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, माझ्या बॅगेत असतोच, काढून शेवटच्या बाकावर ठेवला. खाली रस्त्यावर ४३० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) आसपास दाखवत होता, इथे हजार, दीड हजार, दोन हजार करत मीटिंग संपत आली तेव्हा २६०० च्या वर. सर म्हणाले, "अहो पण एसी फुल आहे की, अठरावर!" म्हटलं, "सर, गारव्याबद्दल तक्रारच नाही, फक्त ती एक काच सरकवा आणि मागचं किचनचं दार उघडा." कुरकुरत का होईना त्यांनी उघडलं, आणि पंधरा-वीस मिनिटांत आकडा १२०० च्या खाली आला. पालकांमध्ये एक डॉक्टर मॅडम होत्या, त्यांनी मीटरचा फोटो काढून घेतला.

त्या २६०० ने कुणी चक्कर येऊन पडत नाही. पण आपल्या उच्छ्वासात साधारण ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे बाहेरपेक्षा आत दोन हजार जास्त दिसले की हिशोब सरळ आहे, तुमच्या दर वीस श्वासांतला एक उष्टा आहे. जेवणाच्या ताटाला उष्टा हात लागला तर चालत नाही आपल्याला, हवेचं मात्र कुणाला काही वाटत नाही. खोलीत १००० पीपीएमच्या वर जाऊ देऊ नका हे म्युनिकच्या मॅक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्येच सांगून ठेवलंय.

मग हे इतकं जुनं ज्ञान गेलं कुठे? माझं मत विचाराल तर ते हरवलं नाही, ते वेगवेगळ्या खात्यांत वाटलं गेलं आणि कुठल्याच खात्याला ते आपलं वाटलं नाही. विल्यम वेल्स नावाचा माणूस हार्वर्डला होता, सॅनिटरी इंजिनिअर. त्याने १९३४ मध्ये साधा प्रश्न घेतला, आजारी माणसाच्या तोंडातून उडालेला थेंब आधी खाली पडतो की आधी सुकतो? पडायचा वेग आकाराच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब उभ्या माणसाच्या तोंडापासून जमिनीवर पाच-सहा सेकंदांत येतो आणि ५ मायक्रॉनचा स्थिर हवेतसुद्धा अर्धा तास तरंगतो. वेल्सने सीमारेषा १०० च्या आसपास काढली होती. पण वैद्यकाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं ५ हाच आकडा फिरत राहिला, त्याच्यावरचं सगळं म्हणे लगेच खाली पडतं. खरं तर ५ च्या आतले कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात, टीबीसाठी तो आकडा महत्त्वाचा, पडण्या-तरंगण्याशी त्याचा संबंध नाही. फिजिक्सवाल्याने बघताक्षणी हे सांगितलं असतं, पण त्याला विचारलं कोणी? २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असं ठणकावून ट्वीट केलं, आणि जुलैमध्ये लिडिया मोरावस्का यांच्यासह २३९ शास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहून उलट सांगितलं. मोरावस्का मूळच्या फिजिक्सच्या. आपण तोवर भाजीच्या पिशव्या सॅनिटायझरने पुसत होतो.

गणिताचा भाग मला सगळ्यात आवडतो. न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेत १९७४ मध्ये गोवराची साथ आली, एका मुलीपासून १४ वेगवेगळ्या वर्गांतल्या २८ जणांना लागण, आणि संशय गेला तीच ती हवा फिरवणाऱ्या व्हेंटिलेशनवर. त्यावरून एडवर्ड रायलीने १९७८ मध्ये जे समीकरण मांडलं त्याला वेल्स-रायली म्हणतात. आजारी माणसं किती, ती किती संसर्ग सोडतात, आपण किती हवा ओढतो, किती वेळ बसतो, हे सगळं गुणायचं, ताज्या हवेने भागायचं आणि तो आकडा ई च्या (गणितातला २.७१८ हा स्थिरांक) उणे घातात टाकून एकातून वजा करायचा. घातात आहे म्हणून मजा आहे. तो आकडा ४ असेल तर धोका ९८ टक्के, हवा दुप्पट केली तरी ८६. पण तोच ०.२ असेल तर १८ टक्क्यांवरून सरळ साडेनऊ. म्हणजे फारच कोंदट खोलीत खिडकी बोटभर उघडून "बघा, केलं" म्हणण्यात अर्थ नाही, तिथे सगळंच उघडावं लागतं.

पेरूत लिमाच्या हॉस्पिटलांत केलेला, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, तो मी प्रत्येक आर्किटेक्टला सांगतो. दारं-खिडक्या सताड उघडल्यावर तासाला २८ वेळा हवा बदलत होती, आणि महागड्या यांत्रिक व्हेंटिलेशनचा निकष आहे १२. त्यातही उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत ४०, नव्या इमारतींत १७. जुने लोक वेडे नव्हते. आणि इकडे आपल्याजवळच, गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत आयआयटी मुंबई आणि डॉक्टर्स फॉर यू ही संस्था यांनी अभ्यास केला तेव्हा ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर टीबी जास्त सापडला. इमारती एकमेकींना किती खेटून बांधायच्या हे ठरवतं विकास नियमावली लिहिणारं खातं आणि गोळ्या वाटतं आरोग्य खातं. बांधून झालं की इंजिनिअरच्या हातात एक्झॉस्ट फॅन लावण्यापलीकडे काही उरत नाही.

आता लोकल. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गाडीतून पडून माणसं दगावली, त्यानंतर रेल्वेने जाहीर केलं की नव्या साध्या, बिनएसी लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे येणार, दारांना लूव्हर्स (हवा येण्यासाठी तिरक्या पट्ट्या), छतावर बाहेरची हवा ओढणारी युनिटं आणि डब्यातून डब्यात जायला वाट. दरवाजे बंद व्हायलाच हवेत, यावर वाद नको. पण आजवर उघडं दार हेच आपल्या लोकलचं व्हेंटिलेशन होतं, आणि गर्दीच्या वेळी चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी असतात. माझ्या वहीतला हिशोब, डब्यात ३५० माणसं आणि माणशी १५ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) धरले तरी ५२५० सीएफएम एका डब्याला, हे छतावरून ओढणं अशक्य नाही, पण गाडी चालू असताना. दिवा आणि मुंब्र्याच्या मध्ये वीज जाऊन गाडी उभी राहिली, दारं बंद आहेत, मे महिना आहे, तर बॅटरीवर ती युनिटं किती मिनिटं चालतील, आणि त्यानंतर दार कोणी आणि कसं उघडायचं? टेंडरमध्ये डब्याचा रंग नंतर ठरवा, हे मिनिटं आणि सीएफएमचे दोन आकडे आधी छापा.