मायनर लीगमधले .३०० किती खरे?

अमेरिकन बेसबॉलमध्ये सर्वात वरची ती मेजर लीग, तिच्याखालच्या त्या मायनर लीग. तिथल्या बॅटरची आकडेवारी उघडली की डोळे आधी ॲव्हरेजवर जातात: हिट (फटका मारून बेस गाठणं) भागिले ॲट-बॅट (वॉक वगैरे वगळून बॅटिंगच्या खेपा); .३०० म्हणजे दहात तीन. तो रकाना शेवटी बघा. आधी वय आणि लेव्हल (खालून वर: हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए, मग मेजर लीग). डबल-ए मध्ये २० व्या वर्षी काढलेले .२७० हे तिथेच पंचविशीत काढलेल्या .३०० पेक्षा वरचढ, कारण या पोराला स्वतःहून तीन-चार वर्षांनी मोठे पिचर (चेंडू टाकणारे) खेळावे लागतात.

मग स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होणं. त्यांना एकूण प्लेट अपिअरन्सने (बॅटिंगला आलेल्या सगळ्या खेपांनी) भागायचं. हे प्रमाण ६०-७० प्लेट अपिअरन्समध्येच बऱ्यापैकी स्थिरावतं, वॉकचं (चार चेंडू वाईट पडल्यावर मिळणारा फुकटचा बेस) १२० च्या आसपास. ॲव्हरेजला अख्खा सीझनही अपुरा पडतो. हल्ली मेजर लीगमध्ये स्ट्राइकआउट २२-२३ टक्के असतात. डबल-ए मध्येच कुणी ३० टक्के ओलांडत असेल तर वर गेल्यावर ते कमी होतील या भरवशावर राहू नये.

ब्रँडन वुड या बॅटरचंच बघा. २००५ मध्ये, विसाव्या वर्षी, हाय-ए ला ४३ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर) आणि .३२१ ॲव्हरेज. वयही त्याच्या बाजूचं. पण लीग बॅटरना फळणारी कॅलिफोर्निया लीग, आणि पुढच्या वर्षी डबल-ए मध्ये कमी सामन्यांत १४९ स्ट्राइकआउट. मेजर लीगमधलं त्याचं ॲव्हरेज शेवटी .१८६ वर थांबलं.

ॲव्हरेजमध्ये नशीब किती, हे तपासायला बॅबिप (BABIP, मैदानात खेळल्या गेलेल्या चेंडूंवरचं ॲव्हरेज) काढा: हिट वजा होम रन, भागिले ॲट-बॅट वजा स्ट्राइकआउट वजा होम रन अधिक सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः झेलबाद होऊन साथीदाराला धाव काढून देणारा उंच फटका). समजा ४०० ॲट-बॅट, १२० हिट, १० होम रन, १०० स्ट्राइकआउट, ५ सॅक फ्लाय. ११० भागिले २९५, म्हणजे .३७३. हेच .३२० वर उतरलं की .३०० चा हा बॅटर .२६० चा होतो. वेगाने धावणाऱ्याचा बॅबिप मुळात थोडा चढाच असतो, तेवढी सूट त्याला द्यावी.

ट्रिपल-ए च्या होम रनवर तर फार भाळू नका. ट्रिपल-ए चा संघ असलेलं अल्बुकर्की शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० फुटांवर; विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि ब्रेकिंग बॉल (पिचरचा वळणारा चेंडू) कमी वळतो. शिवाय २०१९ मध्ये ट्रिपल-ए ने मेजर लीगचा चेंडू घेतला आणि एका वर्षात होम रन निम्म्याहून जास्त वाढले. २०१८ चे २० होम रन आणि २०१९ चे २० एका तराजूत घालणं चूकच. त्याच लीगच्या त्याच वर्षीच्या सरासरीशी ताडून बघा, आणि घरच्या मैदानाबाहेरचे आकडे वेगळे काढा.