चंद्राची वेटिंग लिस्ट

गणपतीला गावी जायचं तिकीट काढायला आज सकाळी आठच्या ठोक्याला बसलो. आठ वाजून तीन मिनिटांनी हातात काय, तर वेटिंग २१४.

वैतागून परळ ते ठाणे लोकलमध्ये दांडीला लटकत मोबाईल चाळला, तर आपल्यापेक्षा दुर्दैवी माणसं सापडली. १९६८ ते १९७१ या काळात पॅन अ‍ॅम ही अमेरिकन विमान कंपनी चंद्रावर जायची नावं नोंदवून घेत होती. फुकट! वर नंबर टाकलेलं कार्डही मिळायचं. ९३ हजारांहून जास्त लोकांनी नावं दिली. २००० सालापर्यंत विमान सुटेल असा अंदाज होता. कंपनीच १९९१ मध्ये बंद पडली.

(१९०० च्या सुमारास फ्रान्समध्ये २००० सालाची चित्रं काढली होती. त्यात देवमाशाला जुंपलेली बस आहे, समुद्राखालून जाणारी. आपल्याला पावसाळ्यात मुंबईतल्या पाणी तुंबलेल्या हिंदमाताला चालली असती.)

संध्याकाळी बाबांना हे सांगितलं. बशीत चहा ओतत त्यांनी शांतपणे विचारलं, "मग आरएसी तरी झालं का रे कुणाचं?"

आतून आई : "चंद्राचं राहू दे, कणकवलीचं बघ आधी."

बघितलं. २०९.