शिकागोच्या चिखलावर एवढ्या उंच इमारती उभ्या राहतात कशा?

शिकागोच्या इमारतींविषयी काहीही लिहिलं, की एक प्रश्न हमखास येतो: "तिथली जमीन तर मऊ चिकणमातीची, मग शंभर-शंभर मजले उभे राहतात कसे? खचत नाहीत का?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो. खचतात. सुरुवातीच्या तर चांगल्या दीड-दोन फूट खचल्या. त्या शहरात इमारत किती उंच जाणार हे बराच काळ वरच्या पोलादापेक्षा खालच्या मातीने ठरवलं, असं माझं ठाम मत आहे.

आधी जमीन समजून घ्या. थोडं खणलं की काळा पाषाण लागतो, या हिशेबाने आपण दख्खनवाले विचार करतो. शिकागोच्या मध्यवर्ती भागात वर काही फूट भराव असतो. त्याखाली दुधावर साय धरावी तसा सुकून कडक झालेल्या मातीचा पातळ थर, त्याच्याखाली निळसर मऊ चिकणमाती. साधारण 60 ते 80 फुटांवर घट्ट, खडीमिश्रित माती लागते, तिला तिथले लोक 'हार्डपॅन' म्हणतात. खरा खडक, म्हणजे चुनखडकाच्या जातीचा डोलोमाइट, शंभर फुटांच्या आसपास किंवा त्याहून खाली.

मग अशा जागी उंच बांधायचंच कशाला? कारण धंद्याला पसरायला जागा नव्हती. 'लूप' म्हणतात त्या व्यापारी भागाच्या उत्तरेला आणि पश्चिमेला नदी, पूर्वेला मिशिगन सरोवर, दक्षिणेला रेल्वेची यार्डं. 1871 च्या आगीत हा भाग बेचिराख झाला आणि दहा-बारा वर्षांत पुन्हा भरला. 1880 मध्ये इथली जमीन एकरी सुमारे 1,30,000 डॉलर होती, 1890 पर्यंत ती 9,00,000 वर गेली. त्या भावाने घेतलेल्या प्लॉटवर चार मजले बांधून परवडत नव्हतं. लिफ्ट आलेली होती, आणि 1885 च्या दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंगपासून भार भिंतींऐवजी लोखंडी सांगाड्यावर घेण्याची वाट मोकळी झाली. अडचण राहिली ती पायाची.

इथे फ्रेडरिक बाउमान या आर्किटेक्टचं नाव घ्यायलाच हवं. 1873 मध्ये त्याने एक पुस्तिका काढून सांगितलं, की सगळ्या इमारतीखाली सलग पाया घालू नका. प्रत्येक खांबाला वेगळा पाया द्या आणि त्याचं क्षेत्रफळ त्या खांबावरच्या भाराच्या प्रमाणात ठेवा. इमारत खचणार हे धरूनच चाला, फक्त ती सगळीकडे सारखी खचली पाहिजे. हिशेब सोपा आहे. त्या मातीवर चौरस फुटाला 3,000 ते 4,000 पौंडांपेक्षा जास्त भार टाकत नसत. खांबावर 6,00,000 पौंड भार येत असेल, तर 3,000 च्या हिशेबाने 200 चौरस फुटांचा पाया लागतो, म्हणजे 14 फूट बाय 14 फूट. दगडात बांधायचा तर तो पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारा पिरॅमिडच होतो, आणि बॉयलर ठेवायचं तळघर सगळं त्यातच जातं. त्यावर आर्किटेक्ट जॉन रूटने 1882 च्या माँटॉक ब्लॉक या इमारतीत तोड काढली: रेल्वेचे रूळ आडवे-उभे एकावर एक रचायचे आणि काँक्रीटमध्ये गाडायचे. पोलाद वाकण्याचा ताण घेतं, त्यामुळे दीड-दोन फूट जाडीत तेवढाच रुंद पाया बसतो.

हे सगळे पाया वरच्या कडक थरावरच ठेवत. तो थर फोडला की खाली नुसता गाळ, म्हणून खोल तळघरं करत नसत. मात्र मजले वाढले की पाया रुंदावत जातो आणि शेवटी शेजारच्या खांबाच्या पायाला भिडतो. सोळा ते वीस मजल्यांच्या आसपास ही पद्धत संपते.

संपते म्हणजे काय होतं, ते दोन इमारतींत आजही दिसतं. 1891 ची मोनॅडनॉक, सोळा मजली. तिच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागाचा भार विटांच्या भिंतींवर आहे आणि तळाशी त्या सहा फूट जाड आहेत. ती आठ इंच बसेल असं धरलं होतं, बसली सुमारे वीस इंच. दुसरी 1889 ची ऑडिटोरियम बिल्डिंग. तिथे सतरा मजली जड मनोरा आणि शेजारी तुलनेने हलकी इमारत, म्हणजे नेमकी नको ती परिस्थिती. तिचा आर्किटेक्ट डांकमार अ‍ॅडलर याने मनोऱ्याच्या पायावर आधीच बिडाचे ठोकळे आणि विटा रचून ठेवल्या, म्हणजे पूर्ण मनोऱ्याच्या भाराने पाया अगोदरच बसावा. मनोरा चढेल तसतसा तो भार उतरवला. कल्पना उत्तम, पण चिकणमातीतलं पाणी हळूहळू, वर्षानुवर्षं निघत राहतं, काही महिन्यांच्या वजनाने ते संपत नाही. मनोऱ्याची बाजू दोन फुटांहून जास्त खाली गेली. लॉबीतली मोझेकची जमीन उतरती आहे, चालताना पायाला कळतं.

सुटका झाली ती स्टॉक एक्स्चेंज बिल्डिंगमध्ये, 1893-94 साली. एका भिंतीशेजारी वर्तमानपत्राचा छापखाना होता. तिथे पायासाठी जमिनीत लांब खांब ठोकले असते तर हादऱ्यांनी छपाईयंत्रं हलली असती. विल्यम सूय स्मिथ या इंजिनिअरने सुचवलं, की या भिंतीखाली हाताने विहिरी खणू. पुढे हीच 'शिकागो केसन' पद्धत झाली. रीत अशी: गोल खड्डा सुमारे पाच फूट खाली न्यायचा. ही माती तेवढी उंची काही तास आधाराशिवाय धरते, सगळी पद्धत या एकाच गुणावर उभी आहे. लगेच कडेने दोन-तीन इंच जाडीच्या, एकमेकींत खाचेने बसणाऱ्या उभ्या फळ्या लावायच्या आणि आतून लोखंडी कड्यांनी ताणून धरायच्या. मग पुढचे पाच फूट. माती बादलीने वर. हार्डपॅन लागला की तळ घंटेसारखा रुंद करायचा, म्हणजे भार जास्त जागेवर पसरतो. उतरून तळ तपासायचा आणि विनाविलंब काँक्रीट भरायचं.

बिघडतं कुठे, तर फळ्या लावायला उशीर झाला की माती आत सरकते. मग खड्ड्याच्या मापापेक्षा जास्त माती बाहेर येते आणि ती जास्तीची माती शेजाऱ्याच्या पायाखालची असते. तळाजवळ पाणी धरलेला रेतीचा थर लागला तर विहीरच बुजते.

यंत्रं आल्यावर धोक्याचं रूप बदललं, धोका गेला नाही. जॉन हॅनकॉक सेंटर या शंभर मजली इमारतीचं उदाहरण प्रत्येक सिव्हिलच्या विद्यार्थ्याने वाचावं. यंत्राने भोक पाडायचं, माती ढासळू नये म्हणून पोलादी नळा घालायचा आणि काँक्रीट भरत भरत तो वर ओढायचा. नळ्याचं खालचं टोक कायम ताज्या काँक्रीटमध्ये बुडालेलं पाहिजे. काँक्रीट नळ्याला चिकटून त्याच्यासोबत उचललं गेलं, तर मधल्या पोकळीत चिखल शिरतो आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. 1966 मध्ये नेमकं हेच झालं. चढणाऱ्या सांगाड्याचा एक खांब खाली सरकल्याचं लक्षात आलं, काम थांबवून सगळ्या केसन, म्हणजे काँक्रीट भरलेल्या या विहिरी, तपासाव्या लागल्या आणि कित्येक महिने गेले. वरच्या आराखड्याची कीर्ती सगळ्यांना ठाऊक असते, खालची ही तपासणी फारसं कोणी सांगत नाही.

अर्थात वरचा आराखडाही तितकाच मोलाचा. ढाक्यात जन्मलेले इंजिनिअर फझलुर खान आणि आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम यांनी शंभर मजल्यांच्या या इमारतीला बाहेरून कर्णरेषांचे प्रचंड पट्टे दिले. वाऱ्याचा जोर बाहेरचं कवचच घेतं आणि पोलाद खूप वाचतं. ती वर निमुळती होते त्यालाही कारण आहे: खाली दुकानं आणि ऑफिसं, वर राहती घरं. ऑफिसला खिडकीपासून आतवर खोल गेलेला मजला चालतो, घराला खिडकी जवळ लागते. याच जोडीच्या सिअर्स टॉवरमध्ये, म्हणजे आताच्या विलिस टॉवरमध्ये, 75 फूट रुंदीची चौकोनी नळकांडी, म्हणजे एकमेकांना चिकटून उभे केलेले पोकळ मनोरे, नऊ आहेत. ती 50, 66 आणि 90 व्या मजल्यांवर टप्प्याटप्प्याने संपतात आणि वर दोनच उरतात. खालचे मोठे मजले सिअर्स कंपनीच्या स्वतःच्या खात्यांसाठी होते, वरचे लहान भाड्याने देण्यासाठी.

व्यापारी भागांचं सरकणंही थोडक्यात सांगतो. 1893 मध्ये महापालिकेने 130 फुटांची उंचीमर्यादा घातली, ती पुढे खालीवर होत राहिली. 1923 च्या नियमांनी प्लॉटच्या चौथ्या हिश्श्यावर मनोरा चढवायला परवानगी दिली. 1920 च्या मिशिगन अ‍ॅव्हेन्यू पुलाने धंदा नदीपलीकडे उत्तरेला नेला. युनियन स्टेशनच्या ओढीने ऑफिसं पश्चिमेला सरकली, आणि गेल्या काही वर्षांत फुल्टन मार्केट या जुन्या मांसबाजारापर्यंत पोहोचली. 2018 मध्ये मॅकडोनाल्ड्सचं मुख्यालय तिकडेच आलं.

तरी जमीन अजून हिशेब मागते. लूपखाली सुमारे 40 फुटांवर मालवाहतुकीचे जुने बोगदे आहेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच मऊ मातीत खणलेले. 1991 मध्ये नदीत पुलाजवळ नवे खांब ठोकले, ते बोगद्याला लागलेही नसावेत, पण बाजूला ढकललेल्या मातीने भिंत फोडली. चिखल गळताना दिसला होता, दुरुस्ती लांबली, आणि 13 एप्रिल 1992 रोजी नदी बोगद्यांत शिरून लूपमधल्या तळघरांत वर आली. वीज तोडून इमारती रिकाम्या कराव्या लागल्या. म्हणून तिथे आज खोल पाया घ्यायचा तर आधी जमिनीखालच्या कामांचा ताळमेळ ठेवणाऱ्या महापालिकेच्या कार्यालयाला नकाशे द्यावे लागतात, आणि खोदकाम चालू असेपर्यंत शेजारच्या इमारती किती हलताहेत हे मोजत राहावं लागतं.