उजवीकडचा बाक

गेल्या वर्षी आमच्या केंद्रातलं, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातलं, शिक्षकांचं प्रशिक्षण आमच्याच शाळेत भरलं, आणि तेही माझ्याच चौथीच्या वर्गात. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे, फळ्यापाशी; आम्ही सगळे गुरुजी-बाई मुलांच्या बाकांवर. गुडघे बाकाखाली मावेनात, म्हणून उजवीकडच्या भिंतीला पाठ टेकून मी तिरकी बसले. तासाभरात कंबर बोलायला लागली. पण त्याआधीच लक्षात आलं होतं की सुलभकांनी लिहिलेलं मला दिसतच नाहीये. अक्षरांच्या जागी नुसता पांढरा चकचकाट. समोरच्या खिडकीतला उजेड फळ्यावरून उसळून थेट डोळ्यांत. मी मुकाट्यानं शेजारच्या बाईंच्या वहीत डोकावले.

आणि मग आठवलं, या बाकावर रोज कोण बसतं. "स्वतःच्या डोक्यानं लिही. तिच्या वहीत काय बघतोस?" हे मी त्याला किती वेळा ऐकवलं असेल!

नऊ वर्षं या खोलीत शिकवतेय, पण ती पाहिलीय फक्त फळ्याच्या बाजूनं. खिडक्या मुलांच्या डाव्या हाताला हव्यात, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही, हे डी.एड.ला घोकलं होतं. बांधणाऱ्यानं ते पाळलंय. डावखुऱ्या पोरांनी काय करायचं, हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही. फळ्याचं काय, हेही नाही.

आमच्या लहानपणी फळा असा चमकत नसे. शनिवारी कोळसा कुटून पाल्याच्या रसात कालवायचा, कुणीतरी बॅटरीच्या संपलेल्या सेलमधली काळी पूड आणायची, आणि चिंधीनं फळा सारवायचा. कोपरापर्यंत हात काळे, घरी बोलणी, पण फळा कसा मिट्ट! आता ऑइलपेंट. एकदा फासला की दोन-तीन वर्षं बघायला नको, झळाळी वर फुकट.

1987 साली प्राथमिक शाळांना किमान सोयी देणारी सरकारची खडू-फळा मोहीम आली. सगळ्या ऋतूंत वापरता येतील अशा निदान दोन खोल्या आणि पुढे खोल पडवी, असं तिच्यात म्हटलं होतं. पडवी ज्याला सुचली, त्यानं शाळा पाहिलेली असणार. आमच्याकडे अजूनही सगळ्यात चांगला वर्ग पडवीतच भरतो. वारा असतो, उजेड असतो, रस्त्यानं जाणाऱ्या म्हशीही असतात. सगळ्या ऋतूंचं मात्र तितकंसं खरं नाही. आमच्या खोलीवर पत्रे आहेत. पाऊस आत येत नाही, पण त्याचा आवाज येतो. जुलैत एखादी जोराची सर आली की माझे नुसते ओठ हलतात. मग मी पाढे म्हणायला लावते. पावसावर ओरडायची परवानगी मिळाल्यावर एकोणीसचा पाढासुद्धा कुणी चुकवत नाही.

एप्रिलात शाळा सकाळची असते, तरी दहाच्या सुमारास पत्रा तापायला लागतो. मग भागाकार कुणाच्याच डोक्यात शिरत नाही, माझ्याही नाही. म्हणून तो मी आठच्या आधी उरकते. वेळापत्रकात चौथ्या तासाला आहे. पण ते करणाऱ्याच्या डोक्यावर स्लॅब होता.

मध्यंतरी साताऱ्याकडच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे तिथल्या गटातल्या, शाळांची कीर्ती ऐकून आम्हीही ज्ञानरचनावादी झालो; म्हणजे मुलांनी स्वतः करून बघत शिकायचं. बाक बाहेर काढले, फरशीवर संख्यारेषा, अक्षरांची फुलं रंगवली, मुलं खाली गोलात आणि मीही. माझे गुडघे सोडले तर सगळे खूश होते. पुढे गावानं वर्गणी काढून नवे कोरे बाक दिले. नारळ फुटला, फोटो निघाले. नको कसं म्हणणार? संख्यारेषा आता बाकांखाली आहे. पेन्सिल घरंगळली की तिच्यामागे पोरं रांगत शंभरापर्यंत जाऊन येतात.

प्रशिक्षण संपल्यावर मी फळ्याजवळच्या खिडकीचं एक दार लावून घेतलं. चकचकाट गेला, थोडा अंधार आला, तो ट्यूबलाइटनं भागवला; वीज असेल तेव्हा.

दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, "दिसतंय का रे आता?"

"दिसतंय, मॅडम. सगळं दिसतंय."

आणि सवयीनं शेजारणीच्या वहीत बघून त्यानं तारीख लिहिली. तिची चुकली होती.