ओढ्याच्या उगमाकडे

नव्या ठिकाणी राहायला आले, तेव्हा पहिले काही आठवडे सामान लावण्यात आणि नेहमीचे रस्ते पाठ करण्यात गेले. पत्ता पाठ झाला, वळणे पाठ झाली, पण आपण ज्या जमिनीवर राहतो आहोत तिचा उतार कोणत्या दिशेला आहे, एवढेही मला सांगता आले नसते. घरापासून पाच मिनिटांवर एका लहान पुलाखालून ओढा वाहतो. त्या पुलावरून रोज जाता-येता माझ्या मनात एकच प्रश्न येई: हे पाणी येते कोठून?

त्याआधी मी परिसरातील दोन-तीन नावाजलेली ठिकाणे पाहून आले होते. ती सुंदर होती यात शंका नाही, परंतु वाहनातून उतरायचे, पाहायचे आणि परतायचे, असे झाल्यामुळे त्यांचा माझ्या घराशी काही संबंध जुळला नाही. ओढ्याचे तसे नव्हते, कारण तो माझ्या दारावरूनच जात होता. म्हणून ठरवले की पाण्याच्या उलट दिशेने, घरापासून पायी निघायचे आणि उगम गाठायचा.

नकाशा 1:50,000 प्रमाणाचा होता, म्हणजे कागदावरचे 2 सेंटिमीटर हे जमिनीवरचे 1 किलोमीटर. वाटेच्या वळणांवर दोरा ठेवून तो पट्टीवर मोजला, तर अंतर सुमारे 4 किलोमीटर भरले. सपाट रस्त्यावर मी तासाला 5 किलोमीटर सहज चालते, त्यामुळे पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ पुरेल असे गृहीत धरून मी दुपारी तीन वाजता निघाले. त्याच कागदावर समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, एकमेकींना जवळजवळ चिकटल्या होत्या, म्हणजेच चढ तीव्र होता, आणि त्या मी पाहिल्या नाहीत असे नाही. पाहूनही त्यांचा अर्थ लावला नाही. वस्तीच्या शेवटी एक वयस्कर गृहस्थ भेटले. कोठे निघालात, असे त्यांनी विचारले आणि मी सांगितल्यावर म्हणाले, "पाण्याचा आवाज डाव्या कानाला ठेवा, म्हणजे वाट चुकणार नाही."

पहिला तासभर ही खूण अगदी नेमकी ठरली. पुढे मात्र दोन ओढ्यांचा संगम लागला आणि पाण्याचा आवाज दोन्ही कानांना येऊ लागला. मळलेली वाट तेथे विरळ होऊन गुरांच्या पायांनी पडलेल्या चार-पाच वाटांत विखुरली होती. त्यांपैकी सर्वांत ठळक दिसणारी वाट मी धरली आणि ती झाडीत जाऊन नाहीशी झाली. परत फिरताना आले ती वाट सापडेना, कारण उलट दिशेने तोच उतार पूर्णपणे अनोळखी दिसत होता. चकवा लागणे म्हणजे काय असते, ते मला त्या तासाभरात कळले. शेवटी पाण्याच्या आवाजावर खाली उतरत संगम गाठला, तोवर सूर्य मावळला होता. उरलेली वाट फोनच्या उजेडात कापली आणि पुलापर्यंत पोहोचले तेव्हा त्याची बॅटरी संपत आली होती. मला खरोखर भीती वाटली होती.

घरी आल्यावर तोच नकाशा पुन्हा उलगडला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली चालण्याच्या वेळेचा एक ठोकताळा मांडला होता. आज तो साधारणपणे असा सांगतात: दर 5 किलोमीटरला एक तास आणि त्यावर दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. समोच्च रेषा मोजल्या, तेव्हा माझ्या वाटेवर 420 मीटर चढाई निघाली. म्हणजे अंतराची 48 मिनिटे आणि चढाची 42, असा एका बाजूचाच दीड तास. तोही न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा. मी हिशेबातून चढच वगळला होता! संगमाचे कोडेही कागदावर सुटले. घळीतून जाताना समोच्च रेषांचे टोक चढाच्या दिशेला वळते आणि डोंगराच्या सोंडेवरून जाताना ते उताराच्या दिशेला वळते. संगमाच्या वर अशा दोन घळी शेजारी शेजारी होत्या आणि त्यांच्यामधली सोंड हीच खरी वाट होती.

तेव्हापासून दोन गोष्टी मी कटाक्षाने पाळते. निघण्यापूर्वी घरी कोणाला तरी वाट आणि परतीची वेळ सांगते, आणि मागे फिरण्याची वेळ आधीच ठरवते. ठिकाण आले असो वा नसो, त्या वेळेला मागे फिरायचे. फोनवरचा नकाशाही आधी उतरवून घेते, कारण उपग्रहांवरून आपली जागा कळायला मोबाईलचे नेटवर्क लागत नाही, पण नकाशाच फोनमध्ये नसेल तर ती जागा कोऱ्या पडद्यावर दिसते.

त्यानंतर त्याच वाटेवर मी सात-आठ वेळा गेले आणि प्रत्येक वेळी मुद्दाम थोडेच पुढे गेले. वाट फुटते तेथे थांबून मागे वळून पाहायचे, कारण परतताना तेच दृश्य समोर येणार असते, ही सवय अशीच लागली. संगमाच्या अलीकडे एक मोठा खडक आहे, त्याच्या सावलीच्या अंगाला राखाडी-हिरव्या दगडफुलाचे गोल ठिपके आहेत. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून बनलेला हा जीव इतका सावकाश वाढतो की काही जाती वर्षाला एक मिलिमीटरही पसरत नाहीत. माझ्या तळहाताएवढा एक ठिपका तेथे आहे. त्याचे वय मी सांगू शकत नाही, परंतु मी या जागेत राहायला येण्याच्या कितीतरी आधीपासून तो तेथे आहे, हे निश्चित. त्या खडकाला हात टेकून चढायची सवय मी मोडली आहे.

त्याच्या वरच्या नागमोडी चढावर मला एक गोष्ट फार खटकते. दोन वळणांमधला कोपरा कापून लोक सरळ वर चढतात, आणि सुरुवातीला मीही तसेच केले होते. पायांखाली माती दाबली गेली की तिच्यात पाणी मुरत नाही, गवताची मुळे धरत नाहीत, आणि पावसाचे पाणी त्याच सरळ रेषेतून वेगाने खाली धावते. एका कोपऱ्यात आता गुडघाभर खोल चर पडला आहे आणि एका झाडाची मुळे उघडी पडली आहेत. वळण घेऊन जायला मी वेळ लावून पाहिला, तर दोन मिनिटेसुद्धा जास्त लागत नाहीत. संगमाजवळ हौसेने रचलेल्या दगडांच्या राशींबद्दलही मला हेच म्हणावेसे वाटते. डोंगरात अशी रास ही वाटेची खूण मानली जाते. उगाच रचलेली रास एखाद्याला भलत्याच घळीत नेऊ शकते.

गेल्या रविवारी उगम सापडला. झरा म्हणून मी मनात काहीतरी खळाळते कल्पिले होते. प्रत्यक्षात सोंडेच्या कुशीत एक काळा कातळ आहे, त्याच्या आडव्या भेगेतून पाणी केवळ पाझरते आणि शेवाळावरून थेंबाथेंबाने खाली उतरते. वर पडलेले पावसाचे पाणी मातीत आणि फटींत मुरत जाते, खाली अभेद्य थर लागला की उताराच्या बाजूने बाहेर येते, आणि म्हणूनच पाऊस नसतानाही माझ्या पुलाखालचा ओढा वाहत असतो. भेगेखाली ओंजळ धरली, ती भरायला मिनिटभर लागले.

माथा तेथून जेमतेम पंधरा मिनिटांच्या चढावर दिसत होता आणि आकाशही स्वच्छ होते. मागे फिरण्याची वेळ मी तीनची ठरवली होती आणि घड्याळात तीन वाजून गेले होते. मी सॅक पाठीवर घेतली आणि पाण्याचा आवाज उजव्या कानाला ठेवून खाली निघाले.