उतरताना पडद्यावर काय दिसते

अवकाशमोहिमा यूट्यूबवर पाहण्याचा नाद लागल्यापासून माझ्या ध्यानात आले आहे, की ज्या क्षणासाठी आपण पडद्यासमोर खिळून बसतो, तो क्षण थेट प्रक्षेपणात बहुधा दिसतच नाही. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी, चांद्रयान-३ चंद्रावर उतरत असताना, इस्रोच्या वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक प्रेक्षक होते. मात्र समोर होते ते बंगळुरूच्या नियंत्रण कक्षातील चेहरे, संगणकावर रचलेली चलचित्रे आणि आकडे. पण आकडे वाचता आले की दृश्याची उणीव भासत नाही. सुमारे ३० किलोमीटर उंचीवरून निघालेल्या विक्रमचा, म्हणजे त्यातील उतरणाऱ्या यानाचा, सेकंदाला १.६८ किलोमीटर एवढा आडवा वेग उतरू लागतो, आणि जमिनीपासून १५० मीटरवर तो जागा पारखण्यासाठी थांबतो, तेव्हा आपलाही श्वास अडकतो.

हे पाहण्याआधी ७ सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतरचे चांद्रयान-२ चे प्रक्षेपण अवश्य पाहावे. नियोजित मार्गाची लाल रेषा आणि तिच्यावरून खाली येणारी हिरवी रेषा शेवटी किंचित फारकत घेते व तिथेच थबकते. कक्षात कोणी काही बोलत नाही, आणि बऱ्याच वेळाने २.१ किलोमीटर उंचीनंतर संपर्क तुटल्याचे इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष के. सिवन जाहीर करतात. ते मौन निवेदकांच्या बडबडीपेक्षा कितीतरी अधिक सांगून जाते.

अपोलो ११ उतरतानाही थेट चित्र नव्हतेच. ऑल्ड्रिन यांच्या खिडकीतल्या १६ मिलिमीटर कॅमेऱ्याची फिल्म यान परतल्यावरच धुतली गेली; २० जुलै १९६९ रोजी जगाने ऐकले ते फक्त आवाज. आपल्याकडे तर दूरदर्शन तेव्हा केवळ दिल्लीत होते, मुंबईत ते १९७२ साली आले. आज ती फिल्म आणि ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाशी झालेले संभाषण जुळवून पाहता येते: संगणकावर ताण आल्याची १२०२ ही सूचना, ‘पुढे जा’ हे उत्तर, आणि इंधनाचे ‘साठ सेकंद’, ‘तीस सेकंद’. निकाल ठाऊक असूनही तळहाताला घाम फुटतो. (त्यावर पार्श्वसंगीत चढवणाऱ्यांना मात्र माझा कोपरापासून नमस्कार.)

नासाचे पर्सिव्हिअरन्स हे यान १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरले, त्याची खरी चित्रफीत चार दिवसांनी आली. हवाई छत्रीवरील नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांत द्विमान पद्धतीने (फक्त ० आणि १ वापरून) दडवलेला संदेश प्रेक्षकांनी काही तासांत उलगडला, तो अर्थातच चित्र थांबवता येत होते म्हणून.