तीन वाजताची पाळी

श्रावणात वेंगुर्ल्याला वीज गेली, तर त्याची बातमी होत नाही. त्या रात्री लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती आणि शेजारचे आबा देवळातून नुकतेच आले होते, नखांत पखवाजाची कणीक तशीच. म्हटलं, बसा, एका म्हाताऱ्याचं गाणं दाखवतो.

म्हातारा म्हणजे कॅनडाचा गायक नील यंग, चित्रपटात ५९ वर्षांचा. आबा ७४चे, त्यामुळे त्यांनी ‘झील’, म्हणजे पोरगा, म्हणूनच त्याची नोंद घेतली. ‘हार्ट ऑफ गोल्ड’ हा जोनाथन डेमीचा चित्रपट म्हणजे ऑगस्ट २००५मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात झालेली मैफल. त्याच वर्षी यंगच्या मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी डॉक्टरांनी दुरुस्त केली होती, जूनमध्ये वडील गेले होते. पडद्यावर यातलं रडगाणं नाही. टोपी, गिटार, तोंडाशी माउथ ऑर्गन, आणि कॅमेरा इतका जवळ की सुरकुत्या मोजाव्यात.

रायमन १८९२ साली प्रार्थनेसाठी बांधलं होतं, बाकंही चर्चसारखीच. हे सांगितल्यावर आबा मांडी नीट घालून बसले. एका गाण्याआधी यंग सांगतो, ही गिटार जुन्या कंट्री गायकाची, हँक विल्यम्सची. हँक १९५३ साली गेला, २९ वर्षांचा. आबांनी फक्त गिटार कशी धरलीय ते पाहिलं. आमच्या देवळातली पेटी तीन बुवांच्या हाताखालून गेलीय, पावसाळ्यात तिच्या पट्ट्या फुगतात, तरी नवी घ्यायचं कुणी काढत नाही.

मध्येच त्यांची तक्रार आली. ‘टाळये ऐकाक येतत, पण माणूस एक दिसना नाय!’

खरंच, डेमी प्रेक्षकांकडे जवळजवळ वळतच नाही. मला ते फार आवडतं. हल्ली मैफलीच्या चित्रणात गाणाऱ्यापेक्षा डोळे पुसणाऱ्या बायकाच जास्त दिसतात, म्हणजे आपण कुठे रडायचं तेही ठरवून दिलेलं. आबांना पटलं नाही. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, समोरचा गाव दिसला नाही तर गजराला जोर कुठून येणार, हा त्यांचा मुद्दा. त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बॅटरी सहा टक्क्यांवर आली तेव्हा श्रेयनामावली सुरू झाली होती. सगळे निघून गेलेत आणि यंग एकटाच रिकाम्या सभागृहात गातोय. मी झाकण मिटणार, तर आबांनी हात धरला.

‘ऱ्हवांदे. भजनाच्या सप्त्यात पहाटे तीनची पाळी माझीच असता. तेव्हा देवळात कोण असता?’

शेवटपर्यंत ते मांडीवर ठेका धरून होते.